सोबतच्या गोळीला शेवटची तारीख द्या

मनोविकारतज्ज्ञांना, फॅमिली डॉक्टरांना आणि जुन्या चिठ्ठीवरून नवी चिठ्ठी उतरवून देणाऱ्या प्रत्येकाला,

सप्रेम नमस्कार.

मी फार्मासिस्ट आहे. मनोविकाराची औषधे घेणाऱ्यांच्या चिठ्ठ्या रोज माझ्या हातून जातात. त्यांतल्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर एक औषध असे असते, की ते कशासाठी चालू आहे हे रुग्णाला सांगता येत नाही, घरच्यांना सांगता येत नाही आणि केसपेपर उघडला तर तिथेही काही सापडत नाही. ट्रायहेक्सिफेनिडिल, बेन्झट्रोपिन, प्रोसायक्लिडिन, बायपेरिडेन, ऑर्फेनाड्रिन. ही अँटिमस्कॅरिनिक औषधे, म्हणजे मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाचा परिणाम अडवून हालचालींवरचे दुष्परिणाम उतरवणारी. देशागणिक नाव बदलते, जागा बदलत नाही: अँटिसायकोटिकच्या, म्हणजे भास-भ्रमांवरच्या मुख्य औषधाच्या, खालची ओळ. रुग्ण तिला ‘सोबतची गोळी’ म्हणतात. माझी मागणी एकच आहे. ही गोळी सुरू करताना तिच्यापुढे कारण लिहा, आणि ती बंद करण्याचा विचार कोणत्या तारखेला करायचा तेही लिहा.

मी या औषधांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते. विशीतला मुलगा डोळ्यांपुढे आणा. आदल्या दिवशी हॅलोपेरिडॉल या अँटिसायकोटिकचे इंजेक्शन झाले आहे. बोलता बोलता त्याची मान एका खांद्याकडे ओढली जाते आणि सरळ होत नाही. जबडा आवळतो, जीभ ताब्यात राहत नाही, डोळे वर चढतात ते खाली येत नाहीत. तो पूर्ण शुद्धीवर असतो. काय होतेय ते त्याला कळते, फक्त सांगता येत नाही. घरच्यांना वाटते फिट आली. नवख्या डॉक्टरला धनुर्वाताची शंका येते, आणि एखाद्या निगरगट्टाला वाटते की पोरगा नाटक करतोय. हा अक्यूट डिस्टोनिया. बहुतेकदा औषध सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून पहिल्या पाच दिवसांत तो गाठतो, आणि तरुण पुरुषांना जास्त. प्रोसायक्लिडिन, बेन्झट्रोपिन किंवा बायपेरिडेन स्नायूत टोचले तर साधारण २० ते ३० मिनिटांत मान सुटते. शिरेतून दिले तर काही मिनिटांतच. स्वरयंत्राचे स्नायू आवळले तर श्वासच अडतो, मग प्रश्न जिवाचा होतो. तिथे हात आखडता घेणाऱ्याच्या बाजूने मी कधीच उभी राहणार नाही.

आणि हे फक्त मनोविकाराच्या औषधांनी होते असेही नाही. मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन ही उलटीवरची औषधे अँटिसायकोटिकसारखीच मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे रिसेप्टर अडवतात. उलट्या थांबल्या म्हणून घरी गेलेली तरुण मुलगी वाकड्या मानेने परत येते, आणि उलटीच्या औषधाचा संशय कोणाच्या मनातही येत नाही. युरोपीय औषध यंत्रणेने २०१३ मध्ये मेटोक्लोप्रामाइडचा वापर जास्तीत जास्त पाच दिवसांवर आणला, तो मज्जासंस्थेवरच्या अशाच दुष्परिणामांमुळे.

माझी तक्रार त्या इंजेक्शनबद्दल नाही, त्यानंतर जे होते त्याबद्दल आहे. अँटिसायकोटिकचा अंमल इंजेक्शनच्या अंमलापेक्षा जास्त टिकतो, म्हणून पुढे काही दिवस तोंडाने गोळी द्यावी लागते. इथपर्यंत सगळे बरोबर. पण डिस्चार्जच्या कागदावर ‘काही दिवस’ लिहिलेले नसते, नुसते औषधाचे नाव आणि डोस असतो. तो कागद बाह्यरुग्ण विभागात जातो, तिथून फॅमिली डॉक्टरकडे. प्रत्येक ठिकाणी नवा डॉक्टर असे धरून चालतो की आधीच्याने विचार करूनच दिले असेल. ‘पूर्वीचेच चालू’ असा शेरा पडतो, आणि पाच दिवसांसाठी सुरू झालेली गोळी पंधरा वर्षे चालते. यात कोणी हलगर्जीपणा केला असेही म्हणता येत नाही. ती थांबवणे नेमके कोणाचे काम, हे कधी ठरलेलेच नसते.

या सवयीला इतिहास आहे. ट्रायहेक्सिफेनिडिल १९४९ च्या सुमारास पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी आले. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन हे पहिले अँटिसायकोटिक मनोविकारात वापरले, आणि थोड्याच काळात त्या रुग्णांत पार्किन्सन्ससारखा ताठरपणा व थरथर दिसू लागली. उतारा हाताशी तयारच होता. त्या काळी डोस भरमसाठ असायचे. इतके की हात थरथरू लागला म्हणजे औषध लागू पडले, असे मानणारेही होते. अशा वातावरणात अँटिसायकोटिकबरोबर उताराही पहिल्याच दिवसापासून द्यायची पद्धत पडली. आता डोस खाली आले, औषधे बदलली, तरी पद्धत राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच तज्ज्ञांचे निवेदन काढून सांगितले होते, की दीर्घकाळ अँटिसायकोटिक घेणाऱ्या सगळ्यांना सरसकट ही औषधे प्रतिबंधक म्हणून देऊ नयेत. आजच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. म्हणजे मी नवे काहीच मागत नाही. तुम्ही पदव्युत्तर परीक्षेत जे लिहून आलात ते चिठ्ठीवर उतरावे एवढेच म्हणते.

अपवाद आहे, आणि तो मला मान्य आहे. ज्याला पूर्वी डिस्टोनिया झालेला आहे किंवा ज्याला तो होण्याचा धोका उघड दिसतो, अशा तरुणाला जोरकस अँटिसायकोटिकचे इंजेक्शन द्यायची वेळ आली, तर आधीच संरक्षण देणे शहाणपणाचे आहे. रिओ द जानेरोमध्ये झालेली, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी अनेकांना आठवत असेल. हिंसक झालेल्या रुग्णांना एका गटात नुसते हॅलोपेरिडॉल दिले, दुसऱ्या गटात त्यासोबत प्रोमेथाझिन. नुसत्या हॅलोपेरिडॉलच्या गटात डिस्टोनिया इतका दिसला की मधल्या तपासणीनंतर चाचणी आवरती घेतली. प्रोमेथाझिन मूळचे अँटिहिस्टामिन, पण त्याला अँटिमस्कॅरिनिक गुणही आहे. तेव्हा धोका पाहून, मोजक्या दिवसांसाठी संरक्षण जरूर द्या. ‘सगळ्यांना, कायमचे’ हे मात्र प्रतिबंधात बसत नाही.

आता खरा घोळ कुठे होतो तो पाहू. औषधामुळे होणारे हालचालींचे विकार चार तऱ्हांचे आहेत, आणि चारींना एकच गोळी लिहिली जाते. मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामिन आणि अ‍ॅसिटिलकोलिन एकमेकांना तोलून धरतात. डोपामिन अडवले की अ‍ॅसिटिलकोलिनचे पारडे जड होते. अँटिमस्कॅरिनिक ते हलके करते. हा हिशेब डिस्टोनियाला चपखल लागू पडतो, पार्किन्सोनिझमला बऱ्यापैकी लागू पडतो, अकॅथिसियाला जवळपास नाहीच, आणि टार्डिव्ह डिस्कायनेसियाला उलटा पडतो.

पार्किन्सोनिझमबद्दल थोडक्यात. चेहरा कोरा, हात न हलवता चालणे, ताठरपणा, थरथर. काही दिवसांपासून काही आठवड्यांत दिसू लागतो, वय झालेल्यांना जास्त. आधी अँटिसायकोटिकचा डोस कमी करता येतो का ते पाहायचे, मग औषध बदलता येते का ते, आणि दोन्ही जमत नसेल किंवा त्रास मोठा असेल तर अँटिमस्कॅरिनिक. प्रत्यक्षात क्रम बरोबर उलटा असतो, कारण तिसरी पायरी लिहायला एक ओळ पुरते आणि पहिल्या दोन पायऱ्यांना विचार व धाडस लागते. आणखी एक. सिनॅरिझिन, फ्लुनॅरिझिन, व्हॅल्प्रोएट यांच्यामुळेही थरथर किंवा पार्किन्सोनिझम होऊ शकतो. चक्कर येते म्हणून सिनॅरिझिन, त्याने हात कापतो म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल, त्याने विसरायला होते म्हणून स्मरणशक्तीचे औषध: अशा तीन ओळींच्या चिठ्ठ्या मी पाहते, आणि पहिली ओळ खोडली तर उरलेल्या दोघींचे काम राहत नाही.

अकॅथिसियात रुग्णाला एका जागी बसवत नाही. पाय हलत राहतात, उभा राहिला तर तो भार या पायावरून त्या पायावर टाकत राहतो, आणि आतून जी तगमग होते ती काही जणांना आत्महत्येच्या विचारापर्यंत नेते. हिला आजाराचाच उद्रेक समजून अँटिसायकोटिक वाढवले जाते, किंवा दुष्परिणाम ओळखला तरी सवयीने सोबतची गोळी लिहिली जाते. या गोळीचा अकॅथिसियाला उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही. डोस कमी करणे, औषध बदलणे, प्रोप्रॅनोलॉल, काही दिवस बेन्झोडायझेपिन हे मार्ग आहेत. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत तेच दिले आहेत. सोबत पार्किन्सोनिझमही असेल तर गोष्ट वेगळी. पण मग तसे लिहा.

टार्डिव्ह डिस्कायनेसियाबद्दल मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण नुकसान इथे सर्वांत जास्त होते. अनेक वर्षे औषधावर असलेली एक बाई माझ्यासमोर बसलेली असते. ओठ चोखल्यासारखे हलत असतात, जीभ आतून गाल फुगवते, जबडा काही चघळत असल्यासारखा फिरतो. तोंडात काहीच नसते. तिला स्वतःला त्याची फारशी जाणीव नसते, सोबत आलेल्या मुलीला मात्र असते. चिठ्ठीवर २ मिलिग्रॅम ट्रायहेक्सिफेनिडिल. पुढच्या भेटीला ‘हालचाली आहेत’ म्हणून ४. हालचाली वाढतात, म्हणून ६. ज्या औषधाने त्या हालचाली आणखी वर येतात त्याचाच डोस चढत जातो. या विकारात डोपामिनला मिळणारा प्रतिसाद आधीच वाढलेला असतो. अ‍ॅसिटिलकोलिन अडवले की समोरचे पारडे आणखी मोकळे होते. ही औषधे टार्डिव्ह डिस्कायनेसिया मुळातच निर्माण करतात असे मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा नाही. पण असलेला विकार ती वाढवतात किंवा झाकलेला उघडा पाडतात, आणि ती हळूहळू कमी केली की पुष्कळांच्या हालचाली उतरतात. टार्डिव्ह डिस्टोनिया या चुलत विकारात काहींना त्यांचा उपयोग होतो, म्हणून तपासल्याशिवाय सगळ्यांना एकाच रेषेत उभे करू नका. व्हॅल्बेनॅझिन आणि ड्यूटेट्राबेनॅझिन या औषधांना अमेरिकेत टार्डिव्ह डिस्कायनेसियासाठी २०१७ मध्ये मान्यता मिळाली. ती सगळीकडे मिळत नाहीत, परवडतही नाहीत. सोबतची गोळी कमी करायला मात्र काहीच खर्च येत नाही.

आता ही गोळी वर्षानुवर्षे चालू राहिली तर रुग्ण काय किंमत देतो, ते पाहू. तोंड कोरडे पडते, हे सगळ्यांना माहीत असते आणि ‘पाणी पीत जा’ म्हणून सोडून दिले जाते. लाळ कमी झाली की दात किडतात. ज्यांनी ही औषधे दीर्घकाळ घेतली आहेत त्यांच्या तोंडात एकदा बॅटरी मारून पाहा. जवळचे धूसर दिसते, वाचता येत नाही. अँगल-क्लोजर काचबिंदूची ठेवण असलेल्या डोळ्यात अचानक दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी तुंबते. घाम कमी येतो, आणि अँटिसायकोटिकने शरीराचे तापमान सांभाळण्याची यंत्रणा आधीच बिघडवलेली असते. उकाड्यात अशा माणसाला उष्माघाताचा धोका इतरांपेक्षा अधिक.

बद्धकोष्ठता म्हटले की डॉक्टर हसून इसबगोल लिहितात. क्लोझापिन हे अँटिसायकोटिक घेणाऱ्याच्या बाबतीत हसू नका. क्लोझापिन स्वतःच जोरदार अँटिमस्कॅरिनिक आहे. आतड्यांची हालचाल इतकी मंदावू शकते की अडथळा होऊन, आतडे फुटून माणूस जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये याबद्दलचा इशारा अधिक कडक केला, आणि सोबत दुसरे अँटिमस्कॅरिनिक शक्यतो देऊ नका असेच सांगितले. शिवाय क्लोझापिनने हालचालींचे विकार क्वचितच होतात. मग क्लोझापिनच्या चिठ्ठीवर ट्रायहेक्सिफेनिडिल कशाला? बहुतेकदा उत्तर असे, की आधी हॅलोपेरिडॉल होते, ते बदलले आणि खालची ओळ खोडायची राहिली. कधी ती क्लोझापिनमुळे गळणाऱ्या लाळेसाठी मुद्दाम दिलेली असते. तसे असेल तर ते लिहा, आणि प्रत्येक भेटीत पोट साफ होते का ते विचारा. आपल्याकडचे रुग्ण स्वतःहून सांगत नाहीत. ज्याच्या कानात आवाज येत असतात तो शौचाची तक्रार सगळ्यांत शेवटी करतो.

पण मला सर्वांत जास्त खटकते ते स्मरणशक्तीचे. नवे काही शिकायला, लक्षात ठेवायला मेंदूला अ‍ॅसिटिलकोलिन लागते, आणि ट्रायहेक्सिफेनिडिलचा रोख नेमका त्याच्या एम-वन रिसेप्टरवर आहे. स्किझोफ्रेनियात लक्ष आणि स्मरण आधीच कमजोर असते. त्यामुळे विसरणे वाढले तरी दोष आजाराच्या खात्यावर पडतो आणि गोळी नामानिराळी राहते. अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्रीमध्ये २०२१ साली स्किझोफ्रेनियाच्या हजारावर रुग्णांचा एक अभ्यास आला. सगळ्या औषधांचा मिळून अँटिकोलिनर्जिक भार, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन अडवण्याचा एकूण जोर, गुणांत मोजला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांचा भार ३ किंवा त्याहून जास्त निघाला. वय झालेल्या इतर माणसांत याच पातळीशी बुद्धीवरच्या परिणामांचा संबंध जोडला जातो. भार जितका जास्त तितकी चाचण्यांतली कामगिरी कमी. त्याच नियतकालिकात २००९ मध्ये आलेल्या आणखी एका अभ्यासात, बौद्धिक सरावाचे प्रशिक्षण दिलेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या रक्तात हा भार जास्त होता त्यांना प्रशिक्षणाचा फायदा कमी झाला. म्हणजे पुनर्वसनात एका हाताने शिकवायचे आणि दुसऱ्या हाताने पुसायचे, असे चालले आहे. समुपदेशक सांगतात, हा मुलगा प्रयत्नच करत नाही. त्याच्या चिठ्ठीची दुसरी ओळ त्यांनी पाहिलेली नसते.

वृद्धांबद्दल फार लिहीत नाही, कारण शंकेला जागाच नाही. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीची बीअर्स निकषांची यादी, २०२३ ची आवृत्तीही, सांगते: ६५ वर्षांपुढच्यांना अँटिसायकोटिकचे हालचालींवरचे दुष्परिणाम टाळायला किंवा उतरवायला तोंडाने घ्यायचे बेन्झट्रोपिन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल देऊ नये. इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात, २०१९ मध्ये, डिमेन्शियाच्या सुमारे ५८ हजार रुग्णांची डिमेन्शिया नसलेल्या लोकांशी तुलना झाली. अँटिमस्कॅरिनिक पार्किन्सन्स-औषधे दीर्घकाळ घेतलेल्यांत डिमेन्शियाचे प्रमाण जास्त दिसले. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, हे मला कळते. पण सत्तरीच्या माणसाला एकाच चिठ्ठीत स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिल आणि सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल देणे, म्हणजे एक अ‍ॅसिटिलकोलिन वाढवणार आणि दुसरे अडवणार, याला कोणत्याही अभ्यासाची वाट पाहावी लागत नाही.

भार ही गोष्ट बेरजेची आहे, हे चिठ्ठी लिहिताना सुटते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन, सर्दीच्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी प्रोमेथाझिन ही सगळी एकाच बाजूला मोजायची असतात. पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाने तर प्रोसायक्लिडिनची रक्तातली पातळी वाढते. वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली ही औषधे एकत्र दिसतात ती बहुधा फक्त आमच्या काउंटरवर.

ताप या एका लक्षणापाशी मात्र क्षणभर थांबा. अँटिसायकोटिकवर असलेला रुग्ण ताठरला आहे, अंग तापले आहे, घामाने भिजला आहे, बोलणे भ्रमिष्ट आहे. हा पार्किन्सोनिझम समजून ट्रायहेक्सिफेनिडिल वाढवू नका. न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम हा अँटिसायकोटिकचा जीवघेणा दुष्परिणाम असेल तर अँटिसायकोटिक तात्काळ थांबवून रुग्णाला रुग्णालयात हलवावे लागते, आणि घाम रोखणाऱ्या औषधाने ताप आणखी चढू शकतो. याउलट अंग तापलेले पण त्वचा कोरडी व लाल, बाहुल्या मोठ्या, नाडी धावते आहे, माणूस हवेत काही वेचतो आहे, तर ती अँटिमस्कॅरिनिकचीच विषबाधा असू शकते. वेडाचा झटका समजून आणखी औषध देण्याआधी त्वचेला हात लावून पाहा.

गैरवापराबद्दलही लिहायला हवे, पण सांभाळून. ही औषधे काहींना तरतरी देतात, मोठ्या डोसात भास घडवतात, आणि त्यासाठी त्यांची मागणी होते हे खरे आहे. म्हणून गोळी मागणारा प्रत्येक जण नशेबाज ठरत नाही. ज्याची मान एकदा पिळली गेली आहे तो ती गोळी जिवापाड जपतो, आणि ‘नवीन गोळी येईपर्यंत दोन तरी द्या’ म्हणतो ते भीतीपोटी. त्याला तपासा, त्याच्याशी बोला. संशयाने पाहून एका दिवसात बंद करणे हा सर्वांत वाईट उपाय आहे.

कारण बंद करण्याचीही रीत आहे. एकदम थांबवले तर मळमळ, उलटी, घाम, झोप उडणे, जीव घाबरा होणे, आणि थरथर किंवा डिस्टोनिया उसळून येणे हे सगळे होऊ शकते. मग रुग्ण, घरचे आणि डॉक्टर तिघेही म्हणतात, ‘बघा, गोळी लागतेच!’ आणि पुढची दहा वर्षे विषय निघत नाही. म्हणून हालचालींवरचा त्रास शमून तीन महिने झाले की आढावा घ्या. पुष्कळांना त्यानंतर ही गोळी लागत नाही. आधी अँटिसायकोटिक स्थिर आहे ना ते पाहा. त्याचा डोस बदलत असाल तर त्याच आठवड्यात सोबतच्या गोळीला हात लावू नका, नाहीतर काय कशामुळे झाले ते कळणार नाही. मग थोडा डोस उतरवा, एक-दोन आठवडे थांबा, हात पुढे करायला सांगून थरथर पाहा, मनगट व कोपर हलवून ताठरपणा पाहा, दारापर्यंत चालायला लावा, तोंड उघडून जीभ पाहा. सगळे ठीक असेल तर पुढची पायरी. अनेक वर्षे घेतलेल्यांना काही महिने लागतील, लागू द्या. उतरवताना टार्डिव्ह हालचाली थोडा काळ वेगळ्या दिसू शकतात, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. आणि काहींना त्रास खरोखरच परत येईल. त्यांना कमीत कमी डोसावर ठेवा, कारण लिहा, पुढच्या आढाव्याची तारीख घाला. गोळी प्रत्येकाचीच बंद व्हावी, असे माझे म्हणणे नाही.

अँटिसायकोटिक आणि ट्रायहेक्सिफेनिडिल एकाच गोळीत असलेली कॉम्बिनेशन काही ठिकाणी मिळतात, आणि ती सोयीची वाटतात हे मला कळते. पण त्यात एक कमी करायचे तर दुसरेही कमी होते, आणि एक वाढवले तर दुसरेही वाढते. ज्या औषधाचा आढावा तीन महिन्यांत घ्यायचा, ते वर्षानुवर्षे चालणाऱ्या औषधाला जोडून टाकलेले. माझ्या मते नवीन रुग्णाला अशी गोळी सुरूच करू नये. जे आधीच घेत आहेत त्यांची औषधे आधी वेगळी करा, मग उतरवायचे पाहा.

तुमचे म्हणणे मला ऐकू येते. बाहेर रांग आहे, एका रुग्णाला पाच मिनिटे मिळत नाहीत, स्थिर असलेल्या माणसाला हात लावून बिघडले तर जबाबदार कोण? हे बहाणे नाहीत. रुग्ण बिघडला तर नाव शेवटी हात लावणाऱ्याचे येते. पंधरा वर्षे काही न करणाऱ्याचे नाव कुठेच येत नाही. म्हणूनच तारीख पहिल्याच दिवशी लिहून टाका, म्हणजे थांबवण्याचा निर्णय पुढच्या डॉक्टरला एकट्याच्या हिमतीवर घ्यावा लागणार नाही. आढाव्याला जी दोन-तीन मिनिटे लागतात ती परिचारिकाही देऊ शकते. तिला थरथर आणि ताठरपणा तपासायला शिकवा, बहुतेक ठिकाणी ती तुमच्याआधी ओळखते.

जे स्वतः ही गोळी घेतात आणि हे वाचत आहेत, त्यांना इतकेच: उद्यापासून आपल्या मनाने बंद करू नका. पुढच्या भेटीत विचारा, ‘ही मला कशासाठी दिली होती आणि अजून लागते का?’ लघवी अडली, डोळा एकदम दुखून लाल झाला, पोट फुगून काही दिवस साफ झाले नाही, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

आणि डॉक्टर, चिठ्ठीवर लिहायला एक ओळ पुरते: ‘ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, हॅलोपेरिडॉलमुळे पार्किन्सोनिझम, आढावा अमुक तारखेला.’ ती तारीख उलटून गेलेली चिठ्ठी माझ्याकडे आली तर मी गोळी अडवणार नाही, रुग्णाला उपाशीपोटी परत पाठवल्यासारखे ते होईल. पुढच्या भेटीपर्यंत पुरेल एवढी देईन आणि तुम्हाला फोन करीन. माझे सहकारीही करतील. फोनवर प्रश्न एकच असेल, आणि उत्तर ‘हो, लागते’ असे असले तरी चालेल, केसपेपरवर लिहिलेले असले म्हणजे झाले.

आपली,
औषधांच्या काउंटरमागची एक फार्मासिस्ट